कॉलनीची बाग आणि कपाशीचा पंप

जळगाव, धुळे, भुसावळ, शहादा, कुठल्याही नव्या कॉलनीत जा. ओपन स्पेसमध्ये एक बाग असतेच. कडेने डुरांटाचं कुंपण, मधे लॉन, चार-सहा जास्वंदी, गुलाबाचा एक वाफा, फाटकाशी दोन सायकस आणि रस्त्याच्या बाजूला सप्तपर्णी. पोळ्याच्या आगेमागे जास्वंदीचे शेंडे पांढरे पडू लागतात. कॉलनीच्या ग्रुपवर फोटो येतो आणि लगेच कुणीतरी लिहितं, "भाऊ, कपाशीवर मारलेलं औषध उरलंय, रविवारी पंप घेऊन येतो." माणूस मनाचा चांगला असतो, फुकट राबायला तयार असतो. खान्देशात बहुतेक घरांचं कुठे ना कुठे वावर आहे, त्यामुळे पंप आणि अर्धी बाटली शोधायला लांब जावं लागत नाही.

अडचण तिथेच सुरू होते. वावरातल्या फवारणीचा हिशेब वेगळा आणि बागेतला वेगळा. कपाशीत पानामागे दोन-तीन तुडतुडे दिसले की फवारा, असं शेतकऱ्याला सांगितलं जातं. ही झाली आर्थिक नुकसान पातळी. किडीमुळे जाणारा पैसा फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त होऊ लागला की ती रेघ ओलांडली जाते. बागेत विकायचं काही नसतं, त्यामुळे ही रेघही नसते. पानाला चार भोकं पडली म्हणून कुणाचं काही बुडत नाही. वावरात फवारणी झाली की माणसं दोन दिवस लांब राहतात. बागेत त्याच संध्याकाळी पोरं लॉनवर लोळतात, आजी देवाला जास्वंदीचं फूल तोडते, कुणी वरणाच्या फोडणीला कढीपत्त्याची डहाळी नेतं. औषध कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती प्रमाणात वापरायचं आणि फवारल्यावर किती दिवस तोडणी करायची नाही, हे बाटलीच्या लेबलवर छापलेलं असतं. त्या बाटलीवर 'कापूस' लिहिलेलं असतं. कढीपत्ता तिच्यावर कुठेच नसतो.

म्हणून बागेत आधी ओळख पटवायची, मग पाणी, ऊन आणि हात वापरायचे, बाटली सगळ्यात शेवटी. कृषीवाले याला एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणतात. नाव जड आहे. कामाला मात्र वाकून पान उलटं करून बघण्याची तयारी एवढंच भांडवल लागतं.

आधी बघा, रोग आहे का?

आपल्याकडच्या बागांत विनाकारण सर्वांत जास्त औषध पिणारं झाड बहुधा एक्झोरा असावं. नर्सरीतून आणताना गर्द हिरवं असतं. वर्षभरात कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. "व्हायरस आला" म्हणून कुणी कीटकनाशक मारतं, कुणी बुरशीनाशक. तिथे कीडही नसते, बुरशीही नसते. झाडाला लोह मिळत नसतं.

आपली काळी जमीन बऱ्याच ठिकाणी चुनखडीची असते, सामू (पीएच) आठच्या आसपास किंवा पुढे, त्यात बोअरचं जड पाणी. जमिनीत लोह भरपूर असतं, पण अशा जमिनीत ते मुळांना उचलता न येणाऱ्या रूपात अडकून बसतं. झाडाच्या आत लोह जुन्या पानातून नव्या पानाकडे फारसं सरकत नाही, म्हणून उपासमार आधी शेंड्याला दिसते. नत्राचं उलटं असतं. ते सरकतं, म्हणून नत्र कमी पडलं की खालची जुनी पानं आधी पिवळी होतात. पिवळेपणा वरून सुरू झाला की खालून, एवढं बघितलं तरी निम्मी चुकीची फवारणी थांबते.

उपाय काय? हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, नुसतं आळ्यात टाकलं तर तेही या जमिनीत लगेच अडकतं. कुजलेल्या शेणखतात मिसळून आठवडाभर ठेवून दिलं तर जास्त कामी येतं. तातडीने हिरवेपणा हवा असेल तर लिटरला 5 ग्रॅम हिराकस आणि थोडं लिंबू असं पाणी संध्याकाळी पानांवर मारायचं. दुकानात चिलेटेड लोह, म्हणजे जमिनीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं लोह मिळतं, तिथे पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. ईडीटीए प्रकार स्वस्त असतो, पण चुनखडीच्या जमिनीत टिकत नाही. जमिनीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकार घ्यावा. आणि खरं सांगायचं तर अशा जमिनीत एक्झोराच्या रांगाच्या रांगा लावण्याचा हट्ट कशाला? कण्हेर, तगर, बोगनवेल याच मातीत खुशीने वाढतात.

दुसरं सोंग उन्हाचं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला पारा 44-45 वर जातो आणि पानांच्या कडा करपतात. ओळखायची खूण अशी की करपलेली पानं जवळजवळ सगळी एकाच अंगाला, पश्चिमेच्या किंवा तापलेल्या भिंतीच्या बाजूला असतात. रोग दिशा बघून येत नाही. तिसरं सोंग पाण्याचं. झाड दुपारी मान टाकतं, माळी पाणी वाढवतो, ते आणखी मान टाकतं. काळी माती वरून भेगाळलेली असली तरी चार बोटं खाली चिखल असू शकतो, आणि चिखलात मुळांना हवा मिळत नाही. मग मूळकुजीची बुरशी तिथे आयती घर करते. एखादी जाड काडी मातीत खुपसून बाहेर काढा. तिला ओली माती चिकटून आली तर आज पाणी बंद.

जास्वंदीवरचा कापूस

पांढऱ्या शेंड्यांकडे वळूया. हा पिठ्या ढेकूण. कपाशीवरच्या पिठ्या ढेकणाची मोठी लाट 2006-07 च्या सुमाराला देशात आली होती, जुन्या शेतकऱ्यांना ती चांगली आठवते. जास्वंद, भेंडी आणि कापूस एकाच कुळातले, त्यामुळे वावरातून बागेत येताना या किडीला नवीन काही शिकावं लागत नाही. गाजर गवतावरही ती मजेत राहते. कुंपणाबाहेर गाजर गवत माजलेलं असेल तर आतल्या जास्वंदीवर कितीही मेहनत घ्या, आठ-पंधरा दिवसांत पाहुणे परत हजर.

एक शेंडा हातात धरून नीट बघा. पांढऱ्या पुंजक्यात मोठे ढेकूण जागचे हलत नाहीत, पण त्यांच्या अवतीभोवती खसखशीहून बारीक, पिवळट पिल्लं चालताना दिसतील. कीड पसरते ती या पिल्लांमुळे. ती वाऱ्याने उडतात, माळ्याच्या बाहीला लागतात, छाटणीच्या कात्रीवर बसून दुसऱ्या झाडावर जातात. शेंडा वाकडातिकडा, पानं आखडलेली. खालच्या पानांवर बोट फिरवलं तर चिकट लागतं आणि त्या चिकट्यावर काळी काजळी धरलेली असते. ढेकूण रस शोषतो, त्यातली जास्तीची साखर बाहेर टाकतो, काळी बुरशी त्या साखरेवर वाढते. काळी बुरशी बघून बुरशीनाशक मारणारे त्यामुळे भलत्याच दारावर थाप मारत असतात.

आता फांदीवरून खाली नजर न्या. मुंग्यांची रांग असणारच. मुंग्यांना ती साखर हवी असते, म्हणून ढेकणाला खायला आलेल्या मित्रकिडींना त्या हाकलून लावतात. मुंग्या थांबवल्या की अर्धी लढाई इतर किडेच लढतात. खोडाला जाड कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा, सालीवर थेट लावू नका. जमिनीला किंवा भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर मुंग्या पूल करून वर जातात.

हे मित्र कोण? एक म्हणजे क्रिप्टोलिमस, काळसर पाठीचा आणि नारिंगी डोक्याचा छोटा भुंगेरा. तो 1898 साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. गंमत अशी की त्याची अळीसुद्धा पांढऱ्या मेणाच्या झालरीची असते आणि मोठा ढेकूण समजून लोक तिलाच आधी चिरडतात. ढेकूण बसून असतो, ही अळी भराभर चालते, तिची झालरही लांब असते. दुसरी मित्र म्हणजे एनॅशियस नावाची चिमुकली गांधीलमाशी. ती ढेकणाच्या अंगात अंडं घालते. तुमच्या फांदीवर पांढऱ्याऐवजी तपकिरी, फुगलेले, कडक झालेले ढेकूण दिसले तर समजा ती येऊन गेली आहे. त्या फांदीला हात लावू नका. कपाशीचं जहाल औषध फवारलं की हे दोघे आधी मरतात. ढेकणाच्या अंगावरच्या मेणावरून औषधाचं पाणी ओघळून जातं आणि पुंजक्याच्या आतली पिल्लं सुखरूप राहतात. फवारणीनंतर कीड दुप्पट झाली असं लोक म्हणतात, ते याच कारणाने.

मग करायचं काय? जास्त किडलेले शेंडे छाटून तिथल्या तिथे पिशवीत भरायचे, तोंड बांधून पिशवी दिवसभर उन्हात टाकायची. बागेच्या कोपऱ्यात ढीग घालायचा नाही. उरलेल्या फांद्यांवर सकाळी नळीने पाण्याचा जोरदार मारा. दोन दिवसांनी संध्याकाळी लिटरला 5 मिलि मऊ द्रव साबणाचं पाणी, आधी एका फांदीवर मारून दुसऱ्या दिवशी पान जळलं नाही ना ते बघून मग सगळीकडे. धुण्याचा सोडा असलेला साबण नको. आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा करावं लागतं, कारण आज लपलेली पिल्लं पुढच्या आठवड्यात बाहेर येतात. पावसाळी दमट हवा असेल तर लेकॅनिसिलियम या बुरशीचं जैविक औषधही चांगलं चालतं. मेच्या कोरड्या भाजणाऱ्या हवेत तीच बुरशी वाया जाते.

निंबाचं झाड तर दारातच आहे. जून-जुलैत निंबोळ्यांचा सडा पडतो तेव्हा गोळा करून सावलीत वाळवून ठेवा. पाच टक्के अर्कासाठी अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवायची, फडक्यातून गाळायची, थोडा साबण घालून एकूण 10 लिटर पाणी करायचं. त्यातलं अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर विरतं, म्हणून फवारणी संध्याकाळचीच. या अर्काने किडा पटकन मरून पडत नाही. त्याचं खाणं सुटतं, कात टाकणं बिघडतं, वाढ थांबते. दुसऱ्या दिवशी किडे चालताना दिसले म्हणून "निंबोळी फेल गेली" असं म्हणू नये.

गुलाब: तीन ऋतू, तीन दुखणी

गुलाबाचं एक बरं आहे, दुखणं कोणतं ते कॅलेंडरच बरंचसं सांगतं. पावसाळ्यात पानांवर झालरदार कडेचे काळे ठिपके आणि पानगळ. दिवाळीनंतर रात्री गार, दिवस उबदार झाले की कोवळ्या पानांवर भुरी, म्हणजे पांढरी पूड. मार्चनंतर लाल कोळी.

काळ्या ठिपक्यांना पानावर काही तास टिकलेलं पाणी लागतं. संध्याकाळी पाइपने झाडाला अंघोळ घालायची सवय मोडली आणि पाणी बुंध्याशी दिलं तर हा रोग बराच आटोक्यात येतो. ठिबक तर जळगावातून देशभर गेलेलं. आपल्याच बागेत पाइप घेऊन फिरायची हौस का असते कळत नाही. गळलेली रोगट पानं उचलून टाका, पुढच्या पावसाळ्याचं बी तिथेच असतं.

कोळी ही कीड डोळ्याला नीट दिसत नाही. पानं निस्तेज, बारीक पिवळ्या टिपक्यांनी भरलेली, माती उडून बसल्यासारखी दिसतात. पांढरा कागद पानाखाली धरा आणि फांदीला दोन टिचक्या मारा. कागदावर पडलेले कण थोडा वेळ स्थिर राहतील आणि मग त्यातले काही चालायला लागतील. बोटाने चिरडले तर लालसर रेघ उमटते. चालणारा कण नसेल तर ती खरोखर धूळच. कोळ्याला कोरडी हवा आणि धूळ मानवते, म्हणून रस्त्याकडचे गुलाब आधी पडतात. पानांच्या खालच्या बाजूला सकाळी पाण्याचा फवारा मारणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

इथे दोन सापळे आहेत. पहिला म्हणजे सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधं. त्यांनी कोळी फारसा मरत नाही, पण कोळ्याला खाणारे दुसरे कोळी मात्र मरतात आणि मग खरी लाल लाट येते. दुसरा सापळा गंधकाचा. भुरीवर आणि कोळ्यावर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम चांगलं काम करतं. पण हवा 32-35 अंशांच्या पुढे गेली की गंधक पानं भाजतं. तेलकट औषधांचंही तेच. पुण्या-नाशिकच्या माहितीपत्रकातला सल्ला आपल्या एप्रिलमध्ये जसाच्या तसा लावला तर गुलाब कोळ्याने मरण्याआधी औषधाने मरतो. गंधक हिवाळ्यात वापरावं, उन्हाळ्यात पाणी.

फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येत असेल तर ते शेंडेमर. काळ्या भागाच्या खाली दोन बोटं, हिरव्या लाकडात तिरका काप द्यायचा आणि कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप लावायचा. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसायची. माळीदादा हे काम टाळतात, आपण बाटली हातात घेऊन सोबत उभं राहावं.

यांना सोडून द्या

सप्तपर्णीच्या पानांवर फोडांसारख्या गाठी येतात. एक बारीक कीड पानात अंडं घालते आणि पान तिच्याभोवती गाठ उभी करतं. दिसतं भयंकर, पण मोठ्या झाडाला काही होत नाही, आणि गाठीच्या आत औषध पोचतही नाही. करंजाच्या पानांवरच्या बोटांसारख्या गाठीही अशाच, एका जातीच्या कोळ्यामुळे आलेल्या. तीस फुटी झाडावर टँकरने फवारणी करायचा खर्च कुणी सुचवला तर कमिटीने साफ नाही म्हणावं.

लिंबू आणि कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी फुलपाखराची असते. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, त्याच्याही अळ्या लिंबाच्याच कुळावर वाढतात. झाड लहान असेल तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर ठेवा. सायकसवर मात्र लक्ष हवं. त्याला नवी पानं एकदमच फुटतात आणि एका छोट्या निळसर फुलपाखराच्या अळ्या तेवढ्या कोवळ्या पानांचा फडशा पाडतात. आठवडा-दोन आठवडे, पानं कडक होईपर्यंत, मच्छरदाणीचं कापड गुंडाळलं की काम झालं.

निंदणी

तणांत सर्वांत आधी गाजर गवत. 1955 च्या सुमाराला पुण्यात त्याची पहिली नोंद झाली आणि आता ते कुठे नाही ते विचारा. एक झाड हजारो बिया टाकतं, म्हणून फुलावर यायच्या आत, पावसाळ्यात माती मऊ असताना, मुळासकट उपटायचं. हातमोजे आणि पूर्ण बाही घालूनच, कारण त्याने अंगाला खाज, चट्टे आणि काहींना दमाही होतो. फुलं आलेलं गवत कंपोस्टमध्ये टाकू नये. ऑगस्टमध्ये पानांवर पांढुरका, काळसर नक्षीचा भुंगेरा दिसला तर ते झाड तसंच ठेवा. तो मेक्सिकन भुंगेरा 1983 साली आणून पुढच्या वर्षी बंगळूरुजवळ सोडला गेला, आणि गाजर गवत खाणं एवढंच त्याचं काम. मोकळ्या कडेला टाकळा, म्हणजे तरोटा, पेरला तर तो दाट वाढून गाजर गवताला जागाच ठेवत नाही.

लव्हाळा चिवट. वरून कापला की जमिनीतल्या गाठीतून पुन्हा येतो, उपटला की गाठ तुटून खाली राहते. पण आपल्याकडे एक हत्यार आहे, मेचं ऊन. नवी बाग करायची असेल तर उन्हाळ्यात जमीन वीतभर खोल खणून ढेकळं उलटी टाका. उघड्या पडलेल्या गाठी उन्हात सुकून मरतात, खाली राहिलेल्यांसाठी पुन्हा खणा. त्यानंतर माती भिजवून तिच्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीने बुजवा आणि चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या. आतली माती इतकी तापते की बऱ्याच तणांचं बी, मुळांना लागणारे सूक्ष्म सूत्रकृमी आणि मूळकुजीच्या बुरशा निकामी होतात. प्लॅस्टिक पारदर्शकच हवं. काळं स्वतः तापतं, मातीत ऊन सोडत नाही. इतकं फुकटचं ऊन असताना जमीन निर्जंतुक करायला औषध विकत घेणं मला पटत नाही.

डुरांटाच्या कुंपणावर पिवळ्या शेवया पसरल्या असतील तर ती अमरवेल. तिला स्वतःचं मूळ नसतं, यजमानाच्या फांदीत सोंडा घुसवून ती जगते. नुसती ओढून काढली तर उरलेल्या तुकड्यातून पुन्हा वाढते. म्हणून जिथे चिकटली असेल ती फांदीच कापायची, फुलं यायच्या आत. तिचं बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

रावेर, यावल, चोपड्याकडे बागेशेजारी केळी असतील तर तण काढण्याला आणखी एक कारण आहे. केळीवरचा हरण्या रोग म्हणजे काकडीवर्गीय पिकांतून येणारा मोझॅक विषाणू. मावा तो पसरवतो आणि बांधावरची बरीच तणं त्याला आसरा देतात. शहरातली बाग असो की फार्महाऊसची, कुंपणाकडेची निंदणी शेजाऱ्याच्याही उपयोगाची असते.

आता तणनाशक. लॉनमधलं रुंद पानांचं तण मारायला टू-फोर-डी सांगतात. ते गवताला सोडतं, रुंद पानांना मारतं, हे खरं. पण कापूस या औषधाला कमालीचा नाजूक आहे. वाऱ्याबरोबर आलेली सूक्ष्म तुषार किंवा तापलेल्या हवेतली वाफही कपाशीची पानं पंजासारखी चिरत आणि अरुंद करत नेते, पाते, म्हणजे फुलाच्या कळ्या गळतात. जूननंतर आजूबाजूला कपाशी उभी असताना खान्देशात लॉनवर हे औषध मारणं म्हणजे शेजारच्या वावराशी भांडण विकत घेणं. दुसरं ग्लायफोसेट. ते हिरवं दिसेल ते मारतं, लॉन आणि तण असा भेद करत नाही. केंद्र सरकारने 2022 साली काढलेल्या आदेशाने त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. दुकानदाराने बाटली दिली म्हणून आपण मारावं असं होत नाही.

फरसबंदीच्या फटीतल्या तणावर उकळतं पाणी ओतलं तरी पुरतं. वाफ्यात पालापाचोळ्याचा दोन-तीन बोटं जाड थर द्यावा, खोडापासून वीतभर लांब. आच्छादनासाठी वावरातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं मात्र आणू नका. तिच्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पिठ्या ढेकूणही सोबत येतो.

लॉनच्या खाली

पोळ्यानंतर हिरव्या लॉनमध्ये वाळके डाग दिसतात. पाणी कमी पडलं असेल म्हणून सगळे नळी घेऊन धावतात. डागाच्या कडेला गवत मुठीत धरून ओढा. गालिच्यासारखं अलगद उचललं गेलं तर खाली हुमणी आहे, तिने मुळं खाल्ली आहेत. एरवी साळुंक्या आणि बगळे एकाच जागी टोची मारत असतील तर तीही खूणच. फूटभर चौकोन तीन बाजूंनी कापून उलटा करा. सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या एक-दोनच असतील तर सोडून द्या, पाच-सहाहून जास्त असतील तर काम काढा.

खरं काम जूनमध्ये असतं. पहिल्या दमदार पावसानंतर संध्याकाळी तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून निंब, बाभूळ, बोरीवर पाला खायला बसतात. त्याच आठवड्यात अंधार पडल्यावर फांद्या हलवून खाली पाडायचे आणि रॉकेल किंवा साबण घातलेल्या पाण्यात बुडवायचे. एक मादी मेली की तिची सगळी पिलावळ टळली. निंब कॉलनीतलं असो की रस्त्यापलीकडचं, ज्याला ते झाड दिसतं त्याने जावं. अळ्या झाल्यावर मेटारायझियम ही बुरशी शेणखतात मिसळून ओल्या जमिनीत द्यावी. कच्चं शेणखत लॉनवर पसरणं म्हणजे हुमणीला आणि पामच्या गेंड्या भुंग्याला आमंत्रण.

गोगलगायी आल्या तर रात्री ओलं गोणपाट, त्यावर थोडं गुळाचं पाणी. सकाळी गोणपाट उचलून खालच्या गोगलगायी चिमट्याने मिठाच्या पाण्यात टाका. गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्री खातात आणि मरतात, कॉलनीच्या बागेत त्या नकोतच.

बाटली उघडायचीच झाली तर

कधीकधी दुसरा इलाज उरत नाही, हे मान्य. मग बाटलीवरचा रंगीत चौकोन बघा. खालचा त्रिकोण लाल म्हणजे अति विषारी, पिवळा जास्त, निळा मध्यम, हिरवा कमी. लोकवस्तीच्या बागेत लाल आणि पिवळा त्रिकोण येऊच देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. ते या कामात मुरलेले लोक होते. बागेतला माळी चपला घालून, रुमाल बांधून फवारतो. त्याला हातमोजे, बूट, मास्क आणि चष्मा देणं कमिटीचं काम आहे, त्याचं नव्हे.

औषध फक्त किडलेल्या झाडावर मारा, सगळ्या बागेवर नको. वारा पडलेला असताना, मधमाश्या घरी गेल्यावर, संध्याकाळी. दोन औषधं एकत्र कालवू नका. तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवा आणि त्याच्यावर रंगाने मोठ्या अक्षरात लिहा, कारण टू-फोर-डीचा अंश पंपाच्या रबरात आणि नळीत राहतो. दोनदा धुऊन त्याच पंपाने जास्वंदीवर निंबोळी अर्क मारला तरी पानं वाकडी होतात आणि दोष बिचाऱ्या निंबोळीवर येतो. फाटकावर कागद चिकटवा: काय फवारलं, कधी, आणि मुलांना आत कधी सोडायचं. रिकामी बाटली तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओता, बाटलीला भोक पाडा. लेबल मात्र फाडू नका आणि औषध थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवू नका. कुणाला मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर कपडे काढून अंग साबणाने धुवा, लगेच दवाखाना गाठा आणि बाटली सोबत न्या. त्या विषावर उतारा कोणता हे लेबलवरच छापलेलं असतं, आणि डॉक्टर आधी तेच विचारतात.